डोप टेस्ट ते सस्पेन्शन: फुटबॉलपटूंनी कुठल्या क्रमाने काय करायचं

गोव्यात, मुंबईत, पुण्यात किंवा देशात कुठेही क्लबशी करार करून फुटबॉल खेळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. त्यांच्या आईवडलांसाठी पण, आणि खास करून क्लबच्या फिजिओंसाठी, कारण खेळाडू पहिला फोन त्यांनाच करतो. मुद्दाम स्टेरॉइड घेणारा काय करतो हा इथला विषय नाही. ज्याने काहीच चुकीचं करायचं ठरवलं नव्हतं आणि तरी ज्याच्या नावाने डोप टेस्टमध्ये सापडल्याचं पत्र आलं, त्याचं नेमकं कुठं चुकलं ते बघायचंय. बहुतेक वेळा चुकतो तो क्रम. आधी गोळी घेतली जाते, मग फिजिओला सांगितलं जातं, मग कोणीतरी म्हणतं की ॲपवर बघ रे जरा, आणि परवानगीचा अर्ज आठवतो तेव्हा सॅम्पल लॅबला पोचलेलं असतं.

सुरुवातीला: जुन्या माहितीवर चालू नका

एक नियम बदललेला नाही आणि सगळं त्याच्यावरच उभं आहे. तुमच्या शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार तुम्हीच. डॉक्टरने दिलं, क्लबने दिलं, बायकोच्या पर्समधून घेतलं, काहीही असो, नियमभंग झाला असंच धरतात. ही कारणं शिक्षा किती हे ठरवताना ऐकली जातात, नियमभंग झाला की नाही हे ठरवताना नाही.

बाकी बरंच बदललंय. वाडा, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, तिची आत्ताची संहिता १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि भारतात नाडा, म्हणजे आपली राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, त्याच चौकटीत काम करते. आपल्याकडे २०२२ मध्ये राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदाही झाला, त्यामुळे नाडाच्या चाचणीला आणि सुनावणीला आता कायद्याचा आधार आहे. पुढची संहिता १ जानेवारी २०२७ पासून येतेय, तेव्हा खाली दिलेले आकडे त्या तारखेनंतर पुन्हा तपासून घ्या.

ड्रेसिंग रूममध्ये अजूनही चुकीचे सांगितले जाणारे बदल असे:

- १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टेरॉइडचं कुठलंही इंजेक्शन बंद आहे. स्टेरॉइड म्हणजे इथं कॉर्टिकोस्टेरॉइड. गुडघ्यात, घोट्यात, खांद्यात दिलेलं इंजेक्शन पण यात आलं. "सांध्यात दिलेलं चालतं" हे त्याआधीचं वाक्य आहे.
- १ जानेवारी २०२४ पासून ट्रामाडोल स्पर्धेच्या काळात बंद. आपल्याकडे हे पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत येतं, अल्ट्रासेट हे त्यातलं ओळखीचं नाव, आणि दुखापत झाली की बऱ्याच घरांत तीच गोळी हाताशी असते.
- "स्पर्धेचा काळ" मॅचच्या शिट्टीला सुरू होत नाही. तो मॅचच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो आणि मॅच संपून सॅम्पल देऊन होईपर्यंत चालतो.
- कोकेन, हेरॉइन, एमडीएमए आणि गांजा-भांगेतलं टीएचसी यांचा २०२१ पासून वेगळा गट आहे. स्पर्धेच्या काळाबाहेर घेतलं आणि खेळाशी त्याचा संबंध नव्हता हे खेळाडूने सिद्ध केलं तर ३ महिन्यांचं सस्पेन्शन, आणि मान्य असलेला उपचाराचा कार्यक्रम पूर्ण केला तर १ महिना.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबा. पोरं यातून "फक्त एक महिना" एवढंच ऐकतात. होळीला किंवा महाशिवरात्रीला घेतलेली भांग लघवीत कितीतरी दिवस, नेहमी घेणाऱ्याच्या तर आठवडे राहते. मॅचनंतर डोप टेस्ट झाली आणि मर्यादेच्या वर निघालं, तर ते आधी घेतलं होतं हे तुम्हाला दाखवायचंय, समोरच्याला नाही. आणि सिद्ध करता आलं नाही तर नेहमीच्या शिक्षा लागू, म्हणजे वर्षांच्या.

टप्पा १: औषध तोंडात जाण्याआधी

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा, इथं वाचवलेली पाच मिनिटं पुढे सगळ्यात महाग पडतात.

१. औषधाचं नाव बघू नका, घटक बघा. स्ट्रिपच्या मागे किंवा बाटलीच्या लेबलवर बारीक अक्षरात जे लिहिलंय त्यातला प्रत्येक घटक. एकाच ब्रँडच्या मागे वेगवेगळी अक्षरं लावून तीन-चार सिरप मिळतात, एकात काहीच बंदीचं नसतं आणि दुसऱ्यात असतं, आणि मेडिकलवाला "हे संपलंय, हे घ्या, सेमच आहे" म्हणून दुसरं देतो.

२. प्रत्येक घटक शोधा. नाडाचं "नो युअर मेडिसिन" (Know Your Medicine) ॲप आहे ते वापरा. ग्लोबल ड्रो नावाची साइट परदेशी खेळाडू वापरतात, पण भारत तिच्यात नाही, त्यामुळे इथल्या ब्रँडचं नाव तिथं टाकून "दिसत नाही म्हणजे चालतं" असा अर्थ काढू नका. घटकाचं नाव टाकून शोधलं तर तिचा उपयोग होतो.

३. स्क्रीनशॉट काढा, तारखेसकट. स्ट्रिपचा फोटो, बॅच नंबर, बिल, डॉक्टरची चिठ्ठी, सगळं फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा. पुढे कधी पत्र आलंच तर तुम्ही काळजी घेतली होती याचा पुरावा हाच.

४. क्लबच्या डॉक्टरला लिहून विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. फोनवरचं "हो घे" कामाचं नाही.

५. मगच औषध.

आता नेहमीचे सापळे, आपल्याकडचे.

खोकल्याचं सिरप. टर्ब्युटॅलीन हा घटक भारतात खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये ब्रोमहेक्सिन आणि ग्वायफेनेसिनच्या जोडीला असतो आणि तो स्पर्धा असो-नसो, बाराही महिने बंद आहे. मुंबईचा पृथ्वी शॉ क्रिकेटर असला तरी उदाहरण आपल्या कामाचं, २०१९ मध्ये खोकल्याच्या सिरपमुळे ८ महिने बाहेर. फुटबॉलमध्ये भारताचा गोलकीपर सुब्रत पाल याच्या मुंबईतल्या राष्ट्रीय शिबिरात २०१७ च्या मार्चमध्ये घेतलेल्या सॅम्पलमध्ये हेच निघालं होतं, तो त्याच सीझनला जमशेदपूरकडून आयएसएल खेळला, पण मधले महिने कोणावरही येऊ नयेत असे. आणि अर्जेंटिनाचा पापू गोमेझ, २०२२ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या संघातला, त्याचं म्हणणं होतं की मुलाचं सिरप प्यायलो, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्यावर २ वर्षांची बंदी आली. तीन खेळाडू आणि घटक एकच. खोकला आला की "नॉन-टर्ब्युटॅलीन, नॉन-सॅल्ब्युटॅमॉल सिरप द्या" असं डॉक्टरला स्वतःहून सांगायची सवय लावून घ्या.

दम्याचा पंप. सॅल्ब्युटॅमॉलचा पंप चालतो पण मर्यादेत: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कुठल्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. एक पफ साधारण १०० चा असतो, मोजून बघा. तोच सॅल्ब्युटॅमॉल सिरप किंवा गोळीतून घेतला तर सरळ बंद, लेव्होसॅल्ब्युटॅमॉल पण. नेब्युलायझरमध्ये लोक फसतात, कारण एका नेब्यूलमध्ये साधारण २.५ मिलिग्रॅम म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम असतं आणि तिथंच मर्यादा ओलांडली जाते. नेब्युलायझर लागलं तर टप्पा २ लगेच सुरू करा.

सलाईन. ताप आला, ऊन लागलं, मॅचनंतर गळून गेलं की जवळच्या क्लिनिकमध्ये "एक बाटली लावू या" हे आपल्याकडे इतकं सरसकट चालतं की कोणाला यात काही वावगं आहे असं वाटतच नाही. १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून देणं ही बंदी घातलेली पद्धत आहे, आत नुसतं मिठाचं पाणी असलं तरी. हॉस्पिटलमध्ये उपचार, ऑपरेशन किंवा तपासणी चालू असताना दिलेलं चालतं. क्लिनिकमध्ये, हॉटेलच्या रूमवर, ड्रेसिंग रूममध्ये ताकद यावी म्हणून दिलेलं चालत नाही. क्लबने दिलं असेल तरी नियमभंग तुमच्याच नावावर लागतो.

सांध्यातलं इंजेक्शन. कोणतं औषध दिलं हे नावासकट लिहून घ्या, कारण थांबायचे दिवस त्याच्यावर आहेत. सांध्यात दिलेल्या बहुतेक कॉर्टिकोस्टेरॉइडना वाडाच्या तक्त्यात ३ दिवस आहेत, पण ट्रायमसिनोलोन म्हणजे आपल्याकडचं केनाकॉर्ट असेल तर १० दिवस. आणि तेच ट्रायमसिनोलोन स्नायूत, म्हणजे कमरेवर टोचलं तर ६० दिवस. सर्दीसाठी किंवा अंगावर पित्त उठलं म्हणून क्लिनिकमध्ये मिळणारं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन ५ दिवस. शनिवारी मॅच आणि गुरुवारी इंजेक्शन हे गणित बसत नाही.

घरातल्यांची औषधं. गोलकीपर आंद्रे ओनाना नेदरलँड्सच्या आयॅक्स क्लबमध्ये असताना त्याच्या सॅम्पलमध्ये फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, निघालं, बायकोची गोळी चुकून घेतली असं त्याने सांगितलं, मुद्दाम केलं असं कोणीच म्हटलं नाही, तरी युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, २०२१ मध्ये १२ महिने दिले आणि क्रीडा लवादाने ते ९ केले. आपल्या घरात वडलांच्या बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोर्थॅलिडोन असतं, दोन्ही बंद. एक साधा उपाय आहे: खेळाडूची औषधं वेगळ्या डब्यात, वेगळ्या खोलीत, डब्यावर नाव.

सप्लिमेंट. इथं "तपासलं" या शब्दाला मर्यादा आहे, कारण लेबलवर नसलेलं आत असू शकतं. पॉल पोग्बाची टेस्ट २० ऑगस्ट २०२३ च्या युडिनेसे-युव्हेंटस मॅचनंतर झाली, डीएचईए नावाचं हार्मोन निघालं, आधी ४ वर्षं, मग लवादाने १८ महिने केले, मूळ होतं ते फ्लोरिडातल्या डॉक्टरने सुचवलेलं सप्लिमेंट. शिक्षा कमी झाली पण युव्हेंटसबरोबरचा करार गेला तो गेलाच. जिममधल्या ओळखीच्याकडून आलेली पावडर, लेबल नसलेली "आयुर्वेदिक ताकदीची" गोळी, "प्री-वर्कआउट", "फॅट बर्नर" हे सगळं माझ्या मते करार असलेल्या खेळाडूने हातात पण घेऊ नये. घ्यायचंच असेल तर बॅच तपासल्याचं सर्टिफिकेट असलेलं, आणि त्या बॅचचा एक सीलबंद डबा न उघडता बाजूला ठेवायचा.

घाबरून सगळीच औषधं बंद करू नका हेही सांगतो. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, सेटिरिझिन, नेहमीची अँटिबायोटिक्स यांच्यावर बंदी नाही. सर्दीच्या गोळीत फेनिलेफ्रिन असेल तर चालतं, स्यूडोएफेड्रिन असेल तर मॅचच्या किमान २४ तास आधी बंद करा.

तपासून बघा: फोल्डरमध्ये घटकांचा स्क्रीनशॉट, बिल, बॅचचा फोटो आणि डॉक्टरचं लेखी उत्तर, चारही आहेत का? एक जरी नसेल तर अजून टप्पा १ मध्येच आहात.

टप्पा २: टीयूई, म्हणजे उपचारासाठी परवानगी

बंदी असलेलं औषध खरंच लागतंय, दुसरा पर्याय नाही, तेव्हा टीयूई.

१. अर्ज कोणाकडे हे आधी ठरवा. देशातल्या स्पर्धा खेळत असाल तर नाडाकडे. एफसी गोवा किंवा मुंबई सिटीसारखा क्लब आशियाई स्पर्धेत उतरला, किंवा तुम्हाला राष्ट्रीय संघात बोलावलं, तर नाडाची परवानगी तिथं आपोआप धरली जाईल असं समजू नका, एएफसी (आशियाई फुटबॉल संघटना) किंवा फिफाकडून ती मान्य करून घ्यावी लागते. हे काम क्लबच्या मॅनेजरचं आहे असं म्हणून खेळाडू मोकळा होतो आणि मॅनेजरला वाटतं डॉक्टरने केलं असेल. खेळाडूनेच विचारा, ईमेलने.

२. फाइल बनवा. आजाराचं निदान कधी झालं, कोणत्या तपासण्यांवरून, रिपोर्ट जोडलेले, आधी कोणती चालणारी औषधं देऊन बघितली आणि ती का पुरली नाहीत, आत्ताचं औषध, डोस, कोणत्या मार्गाने, किती दिवस. डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर, सही, शिक्का. दम्यासाठी फुफ्फुसांची क्षमता मोजणारा स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट पाहिजेच, "लहानपणापासून दमा आहे" एवढ्या एका ओळीवर अर्ज परत येतो.

३. वेळ धरा. औषध किंवा स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करायचा. पूर्ण अर्ज मिळाल्यावर समितीने साधारण २१ दिवसांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे, पण अर्ज अर्धवट असला तर ते दिवस सुरूच होत नाहीत.

४. उत्तर येईपर्यंत औषध सुरू करायचं नाही.

५. परवानगी आली की कागद वाचा. औषधाचं नाव, डोस, मार्ग, शेवटची तारीख. १ मिलिग्रॅमला परवानगी आणि डॉक्टरने नंतर २ केले, तर तुमच्याकडे २ ची परवानगी नाही. संपायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, महिनाभर आधीचा अलार्म लावून.

इमर्जन्सी वेगळी. अपघात झाला, जीव गुदमरला, तर उपचार आधी, नियम नंतर, यात कोणीही घासाघीस करू नये. अशा वेळी मागाहून परवानगी मागता येते. पण त्यासाठी कॅज्युअल्टीचे पेपर, डिस्चार्ज कार्ड, कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं हे हॉस्पिटलमधून निघतानाच घ्या, आठवड्याने जाऊन मागितलं की मिळेल न मिळेल, आणि अर्ज पहिल्या एक-दोन दिवसांत टाका.

सावधान: टीयूई मिळाली म्हणून डोप टेस्टच्या फॉर्मवर ते औषध लिहायचं नाही असं नसतं. लिहायचंच.

टप्पा ३: व्हेअरअबाउट्स, म्हणजे ठावठिकाणा कळवणं

प्रत्येक फुटबॉलपटूला हे लागू नाही. नाडा किंवा फिफाने तुम्हाला रजिस्टर्ड टेस्टिंग पूलमध्ये, म्हणजे ठावठिकाणा कळवावा लागणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, घेतलं तर तसं पत्र येतं, आणि मग दर तीन महिन्यांची माहिती तिमाही सुरू व्हायच्या आधी भरायची: रात्री कुठं झोपता, ट्रेनिंग कुठं, मॅच कधी, आणि रोजचा ६० मिनिटांचा एक स्लॉट, पहाटे ५ ते रात्री ११ मध्ये, जेव्हा तुम्ही सांगितलेल्या जागी सापडायलाच पाहिजे.

१२ महिन्यांत तीन चुका, मग त्या टेस्ट चुकवल्याच्या असोत की माहिती चुकीची भरल्याच्या, झाल्या की नियमभंग, शिक्षा २ वर्षं, चूक किती यावर १ वर्षापर्यंत कमी. पॉझिटिव्ह टेस्ट लागतच नाही.

फुटबॉलमध्ये घोळ होतो तो वेळापत्रकात. पावसामुळे ट्रेनिंग एका मैदानावरून दुसरीकडे हलतं, फ्लाइट बदलते, कोच अचानक सुट्टी देतो. संघाची माहिती क्लब भरत असेल तरी चूक तुमच्या नावावर पडते. म्हणून स्लॉट ट्रेनिंगच्या वेळेचा देऊ नका, सकाळी उठायच्या आधीचा, घरचा किंवा हॉटेलचा द्या. आणि बेल वाजते की नाही, वॉचमन वर सोडतो की नाही हे बघून ठेवा, सोसायटीच्या गेटवरून अधिकारी परत गेला तर तुम्ही झोपलेले होता हे तुमच्या कामाला येत नाही.

टप्पा ४: टेस्टच्या दिवशी

कोणाचीही निवड होऊ शकते. गोल मारणारा, बेंचवरचा, बदली होऊन बाहेर आलेला, रेड कार्ड मिळालेला, कोणीही. ट्रेनिंग ग्राउंडवर, हॉटेलवर, घरी पण. क्रम असा:

१. अधिकारी किंवा त्याचा सहायक समोर येऊन सांगेल. त्याचं ओळखपत्र आणि कोणत्या संस्थेच्या वतीने आलाय तो कागद बघायला मागा. मग सही करा.

२. सही केल्यापासून सॅम्पल संपेपर्यंत त्याच्या नजरेआड जायचं नाही. आंघोळ, मुलाखत, मेडल, दुखापतीवर उपचार या कारणांसाठी थोडा वेळ मागता येतो, पण तो बरोबर असणार. मँचेस्टर युनायटेडचा रिओ फर्डिनंड सप्टेंबर २००३ मध्ये टेस्ट आहे हे सांगितल्यावर क्लबच्या मैदानातून निघून गेला, विसरलो म्हणाला, ८ महिने बाहेर. आजच्या संहितेत टेस्ट टाळणं किंवा नाकारणं याला ४ वर्षं आहेत.

३. एक माणूस बरोबर घ्या. संघाचा डॉक्टर असेल तर उत्तम. भाषा समजत नसेल तर दुभाषा मागा. १८ वर्षांखालच्या मुलाने एकट्याने जाऊच नये, अकादमीतल्या पोरांच्या आईवडलांनी हे क्लबला आधीच लिहून द्यावं.

४. पाणी सीलबंद बाटलीतलंच, स्वतः उघडलेलं. आणि बेताने प्या. मॅचनंतर लघवी होत नाही म्हणून पोरं लिटरवर लिटर पाणी पितात, मग सॅम्पल पातळ होतं, नापास होतं आणि पुन्हा द्यावं लागतं, रात्रीचे बारा वाजतात. किमान ९० मिलिलिटर लागतं आणि ते फार पातळ असून चालत नाही, त्यामुळे थोडं थोडं प्यायलं तर लवकर सुटका.

५. भांडं आणि किट तुम्ही निवडायचं, समोर ठेवलेल्यांतून. सील तुटलेलं नाही ना बघा. लघवी देताना तुमच्याच लिंगाचा अधिकारी समोर उभा राहणार, हे अवघड वाटतं पण नियम आहे.

६. ए आणि बी बाटलीत तुम्हीच ओतायचं, झाकण तुम्हीच घट्ट लावायचं. बाटल्यांवरचा नंबर, झाकणावरचा, खोक्यावरचा आणि फॉर्मवरचा नंबर एकच आहे का, बोट ठेवून वाचा.

७. फॉर्मवर गेल्या ७ दिवसांत घेतलेलं सगळं लिहा: गोळ्या, सिरप, इंजेक्शन, प्रोटीन, व्हिटॅमिन, मलम. "काही नाही" लिहून टाकणारे खूप असतात आणि पुढे तेच औषध कारण म्हणून सांगावं लागलं की पहिला प्रश्न येतो, मग तेव्हा का लिहिलं नाही.

८. काही खटकलं असेल, नंबर चुकला, कोणी बाटलीला हात लावला, तर फॉर्मवरच्या शेऱ्याच्या जागेत तिथल्या तिथं लिहा. मग सही. तुमची कॉपी घेऊनच बाहेर पडा.

तपासून बघा: कॉपीचा फोटो काढून टप्पा १ च्या फोल्डरमध्ये टाकला का? नमुने १० वर्षांपर्यंत ठेवून पुन्हा तपासता येतात, कागद तुमच्याकडे तितकी वर्षं पाहिजे.

टप्पा ५: पत्र आलं तर

पहिले दोन दिवस फार महत्त्वाचे, आणि पहिले दोन दिवसच माणूस सैरभैर असतो. म्हणून क्रम आधीच माहीत असलेला बरा.

१. सोशल मीडियावर एक ओळ पण नाही. पत्रकाराला फोन नाही. तिथं भावनेच्या भरात लिहिलेलं कारण नंतर बदलावं लागलं की विश्वास जातो.

२. पत्रातल्या तीन गोष्टी वेगळ्या कागदावर लिहा: पदार्थाचं नाव, तो "स्पेसिफाइड" (चुकून शरीरात जायची शक्यता जास्त धरलेल्या गटातला) आहे की नाही, आणि प्रत्येक उत्तराची शेवटची तारीख. टर्ब्युटॅलीन, फ्युरोसेमाइड हे स्पेसिफाइड गटात येतात, डीएचईए आणि बाकीचे ॲनाबोलिक त्यात येत नाहीत. स्पेसिफाइड नसेल तर तात्पुरतं निलंबन लगेच लागतं. स्पेसिफाइड असेल तर ते सक्तीचं नसतं, पण स्वतःहून स्वीकारता येतं, आणि तो काळ पुढे शिक्षेतून वजा होतो, त्यामुळे वकिलाशी बोलून स्वीकारणं कित्येकदा फायद्याचं.

३. त्या पदार्थाची टीयूई आहे का बघा. असेल तर लगेच पाठवा.

४. घरातली सगळी औषधं, सप्लिमेंट, रिकाम्या बाटल्या, बिलं एका पिशवीत भरून ठेवा. काहीही फेकू नका. लपवणं, चिठ्ठी मागाहून बनवून घेणं, साक्षीदाराला पढवणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे, त्याला स्वतंत्र ४ वर्षं.

५. उत्तेजकविरोधी प्रकरणं चालवलेला वकील शोधा. घरचा ओळखीचा दिवाणी वकील इथं पुरत नाही.

६. बी सॅम्पल, म्हणजे दुसरी बाटली, उघडून तपासायची का ते ठरवा. तुम्ही किंवा तुमचा माणूस लॅबमध्ये हजर राहू शकतो. पदार्थ कुठून आला हे तुम्हाला माहीत असेल तर बी सॅम्पलमध्येही तेच निघणार हे धरून चाला.

७. मूळ शोधा आणि पुराव्यासकट लिहा. कुठून आलं हे दाखवता आलं तरच शिक्षा कमी व्हायचा रस्ता उघडतो.

८. प्रकरण ४ वर्षांच्या शिक्षेचं असेल आणि खरंच घेतलं असेल, तर आरोपाची नोटीस मिळाल्यापासून २० दिवसांत नियमभंग आणि शिक्षा दोन्ही मान्य केले तर १ वर्ष कमी होतं. २१ व्या दिवशी ही सवलत नाही.

शिक्षेचं ढोबळ गणित: स्पेसिफाइड नसलेला पदार्थ म्हणजे सुरुवात ४ वर्षांपासून, मुद्दाम नव्हतं हे खेळाडूने सिद्ध केलं तर २. स्पेसिफाइड असेल तर सुरुवात २ पासून, मुद्दाम होतं हे संस्थेने सिद्ध केलं तर ४. चूक फार मोठी नव्हती असं दाखवलं तर स्पेसिफाइड पदार्थ किंवा भेसळ असलेलं सप्लिमेंट यात नुसत्या समजेपासून २ वर्षांपर्यंत काहीही होऊ शकतं, आणि नेमकं किती हे तुमचा टप्पा १ चा फोल्डर ठरवतो. निकाल पटला नाही तर अपील २१ दिवसांत.

फिजिओ आणि क्लब डॉक्टरांसाठी: खेळाडूला बंदी असलेलं औषध देणं हा तुमचा स्वतःचा नियमभंग आहे, किमान ४ वर्षं, आणि वर आजन्मापर्यंत. एकाच संघातले दोनपेक्षा जास्त खेळाडू एका स्पर्धेत सापडले तर संघावरही कारवाई होते, गुण कापण्यापर्यंत.

टप्पा ६: सस्पेन्शनच्या काळात

इथं शिक्षा मिळालेला खेळाडू दुसरी शिक्षा ओढवून घेतो, आणि ते बघवत नाही, कारण तोपर्यंत सगळं कठीण संपलेलं असतं.

बंदी फक्त मॅचपुरती नसते. क्लबबरोबर ट्रेनिंग बंद, क्लबचं जिम आणि मैदान बंद, क्लबच्या अकादमीत लहान मुलांना शिकवणं बंद, फुटसाल बंद, संघटनेशी जोडलेल्या कुठल्याही स्पर्धेत कुठल्याही रूपात उतरणं बंद. दुसऱ्या खेळात जाऊन खेळता येईल हाही गैरसमज, वाडाच्या संहितेवर सही केलेल्या सगळ्या खेळांना बंदी लागू. गावच्या सेव्हन्स टूर्नामेंटबद्दल मला कायम विचारतात. ती स्पर्धा जिल्हा किंवा राज्य संघटनेच्या मान्यतेने असेल तर नाही खेळायचं, आणि मान्यता आहे की नाही हे माहीत नसेल तर नाडाला ईमेल करून लेखी उत्तर येईपर्यंत नाही खेळायचं. बंदीत खेळताना सापडला तर मूळ बंदीएवढीच नवी बंदी मागे जोडली जाते, आणि तात्पुरत्या निलंबनात खेळला तर तोपर्यंत भोगलेला काळ वजा होत नाही. स्वतःचं वेगळं जिम, एकट्याने धावणं, स्वतःच्या पैशाने ठेवलेला ट्रेनर चालतो, फक्त तो ट्रेनर स्वतः बंदीवर नाही ना हे बघून घ्या, बंदीवरच्या माणसाकडून ट्रेनिंग घेणं हा वेगळा नियमभंग.

संघाबरोबर ट्रेनिंगला कधी परतायचं: बंदीचे शेवटचे २ महिने किंवा बंदीचा शेवटचा चौथा हिस्सा, यातलं जे कमी असेल ते. २ वर्षांची बंदी असेल तर शेवटचे २ महिने. ६ महिन्यांची असेल तर शेवटचा दीड महिना. ४ महिन्यांची असेल तर शेवटचा १ महिना. ओनानाची बंदी नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला संपत होती, तो सप्टेंबरच्या सुरुवातीला आयॅक्सबरोबर ट्रेनिंगला आला. पोग्बा जानेवारी २०२५ पासून ट्रेनिंग करू शकत होता, खेळू मार्चपासून. तारीख स्वतः मोजून चालू नका, निकालातल्या तारखेवरून नाडाकडून लेखी खात्री करून घ्या आणि ते पत्र नव्या क्लबलाही द्या.

बंदीच्या काळातही टेस्ट होतात. फोन नंबर, पत्ता बदलला तर कळवा. टेस्टिंग पूलमध्ये असताना निवृत्ती जाहीर केली आणि मग मन बदललं, तर ६ महिने आधी लेखी सूचना देऊन, टेस्टला हजर राहून मगच परत खेळता येतं.

परत आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे त्या वर्षीची प्रतिबंधित यादी. ती दर १ जानेवारीला बदलते आणि आधी जाहीर होते, त्यामुळे डिसेंबरमध्येच घरातला औषधांचा डबा उघडून प्रत्येक घटक नव्या यादीवर परत एकदा तपासा, जुने स्क्रीनशॉट ठेवून नवे जोडा, आणि क्लब डॉक्टरला यादी पाठवून त्याचं उत्तर मागवा.